पंख्याचा स्विच

हंगामात न्हावऱ्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी नुसती रांगायची. वारा नाही, इंजिन तापायचं. जुन्या डिझेल इंडिकेचा पंखा बिघडला, की मेस्त्री म्हणायचा, "अण्णा, डायरेक्ट करू. चावी लावली की चालू."

"नको. रात्री दिवे, वर पंखा सारखा. बॅटरी बसली तर? मागं भरल्या दिवसांची पोर असती."

वस्तीवरच्या लेकी बाळंतपणाला त्याच गाडीतून दौंडला जायच्या.

अण्णांचा हिशेब साधा होता. थर्मोस्टॅट ८२ अंशाला उघडतो, तर स्विच ९२ ला लागणारा, ८७ ला सुटणारा घ्यावा. ८२ च्या खाली सुटणारा घेतला, तर पंखा थांबतच नाही; फार वर लागणारा घेतला, तर ट्रॉलीमागंच पाणी उकळायला येतं.

दुकानदार "सगळे सारखेच" म्हणाला, की अण्णा जुन्या स्विचवरचे आकडे दाखवून पुढच्या दुकानात जायचे.