मारायचं नाही, घासायचं

"काका, तुम्ही मारताय. मारायचं नसतं, घासायचं असतं."

हे मला सांगणारा मुलगा सहावीत होता. वेळ सकाळी साडेसहाची. कॉलेज रोडच्या मागच्या बाजूला एक हॉल, त्यात पाच टेबलं, एका टेबलापलीकडे चेंडूंची बादली घेऊन उभे असलेले सर, अलीकडे घामाने निथळणारा ४४ वर्षांचा मी, आणि माझ्यामागे आपल्या नंबराची वाट बघणारी चार-पाच पोरं. त्यातल्या एकाला राहवलं नाही, एवढंच.

राग आला. खरं सांगायचं तर बराच आला. कारण टेबल टेनिस मला येतं अशी माझी पंचवीस वर्षांची समजूत होती.

मी हा खेळ शिकलो सातपूरला. अण्णा ज्या कारखान्यात होते तिथे कामगारांसाठी एक करमणुकीचा हॉल होता. एकच टेबल, मधोमध सैल पडलेली जाळी. फर्स्ट शिफ्ट सुटेपर्यंत टेबल आम्हा पोरांचं. अण्णांची बॅट बाहेर दाणे असलेल्या रबराची होती. चेंडू तिच्यावरून सुटताना 'ठक' असा खणखणीत आवाज व्हायचा. अण्णांचा नियम एकच. चेंडू जाळीच्या वर आला की मारायचा. विचार करायचा नाही.

तो नियम मी इमानेइतबारे पाळला आणि कॉलेजात त्यावर दोन कपही मिळवले. फक्त एका माणसापुढे नियम चालायचा नाही. स्टोअरमध्ये काम करणारे एक काका होते. टेबलापासून चार पावलं मागे उभे राहायचे आणि येईल तो चेंडू खालून कापून परत द्यायचे. दिसायला अगदी गरीब चेंडू. मारायला जावं तर थेट जाळीत. काका हसायचेही नाहीत, पुढचा चेंडू घेऊन तयार. मी ग्रॅज्युएट झालो, नोकरीला लागलो, तोवर काकांना एकदाही हरवू शकलो नाही. त्याच्यावरचा उपाय जगाला १९६० च्या आसपास सापडला होता. आमच्या हॉलपर्यंत तो पोचला नव्हता!

त्या उपायाचं नाव लूप. आपल्याकडे बरेच जण त्याला नुसतं टॉपस्पिन म्हणतात.

याची सुरुवात, एका अर्थाने, आपल्या मुंबईत झाली हे मला फार उशिरा कळलं. १९५२ साली टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा मुंबईला झाली होती. आशियात भरलेली ही पहिलीच. जपानचा हिरोजी सातो हा चष्मा लावणारा, फारसं नाव नसलेला खेळाडू जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. तोवर सगळा खेळ दाण्यांच्या बॅटींचा. चेंडू लागल्याचा आवाज ऐकायचा आणि किती जोरात आलाय ते ओळखायचं, ही सगळ्यांची सवय. स्पंजला आवाजच नाही. भलेभले गोंधळले, आणि सातो पुरुष एकेरीचा विजेता होऊन परत गेला. पुढे १९५९ मध्ये बॅटला काय लावायचं आणि किती जाड, याचे नियम ठरले. नुसता स्पंज गेला, पण स्पंजवर रबर ही जोडी राहिली. गुळगुळीत बाजू वर असलेलं ते रबर चेंडूला पकडतं. मग वर्षभरातच जपानी खेळाडूंनी त्या पकडीचा उपयोग शोधला. चेंडूला ठोकण्याऐवजी खालून वर घासत न्यायचं आणि भयंकर फिरकी द्यायची. पहिला बळी अर्थातच चॉप करणारे, म्हणजे आमच्या स्टोअरच्या काकांची जात.

हे सगळं मला आज पाठ आहे. तेव्हाही होतं. म्हणून तर घोटाळा झाला.

माझ्या मुलीला आम्ही नवव्या वर्षी कोचिंगला घातलं. नाशिकमध्ये या खेळाला चांगले दिवस आहेत. इथल्या तनीषा कोटेचा आणि सायली वाणी या मुली भारताच्या युवा संघांमधून खेळल्या, त्यामुळे आईबापांना स्वप्नं पडायला हरकत नव्हती. मी रोज सोडायला जायचो आणि बाकावर बसायचो. नुसता बसलो असतो तर बरं झालं असतं. "पाय हलव." "वाक जरा." "बॅट बंद कर." "किती वेळा सांगायचं?" दोन पॉइंटांच्या मध्ये माझ्या अकरा सूचना व्हायच्या. सर एकदोनदा माझ्याकडे बघून गेले. मला वाटलं, कौतुकाने बघतायत.

मग एका स्पर्धेत ती दुसऱ्या फेरीत हरली. समोरची मुलगी चॉप करणारी होती. (हो, तेच.) स्टेडियमपासून घरापर्यंत मी स्कूटरवर तिला तिच्या चुका समजावून सांगत होतो. मागून काही उत्तर नाही. घरी आल्यावर तिने बॅट कव्हरमध्ये घातली, कपाटात ठेवली आणि म्हणाली,

"बाबा, एकदा तू मारून दाखव ना. चॉपवर लूप."

आवाज चढवला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ती गेली नाही. तेरा वर्षांची होती.

आमच्या घरात आठ दिवस कुणी या विषयावर बोललं नाही. नवव्या दिवशी मी सरांना भेटायला गेलो. तीन महिन्यांची फी भरलेली होती. मध्यमवर्गीय माणूस, दुसरं काय सुचणार? पैसे परत मागायचं धाडस होईना आणि सर शांतपणे म्हणाले, "मग तुम्हीच या की. सकाळच्या बॅचला जागा आहे."

असा मी तिथे पोचलो.

बाहेर पडलो तेव्हा खेळ ३८ मिलिमीटरच्या चेंडूचा आणि २१ गुणांचा होता. चेंडू २००० मध्ये ४० मिलिमीटरचा झाला, २००१ पासून गेम ११ गुणांचा, आणि २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन प्लॅस्टिक आलं. पण हे निमित्त फार दिवस पुरलं नाही. खरी अडचण माझ्या उजव्या हातात होती. कापलेला चेंडू यायचा, हात आपोआप पुढे जायचा, ठक, आणि जाळी. पन्नास चेंडूंतले चाळीस जाळीत. उरलेल्यांतले काही छताकडे आणि एक दरवाजातून बाहेर, जिथे एक आजोबा फुलं तोडत होते.

सरांनी पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न विचारला. "लहानपणी सायकल उलटी करून चाक फिरवलंय?"

फिरवलंय की! सीट आणि हँडलवर सायकल उभी करायची आणि टायरवर हाताने...

"टायरवर चापट मारली तर चाक किती फिरतं?"

"फारसं नाही."

"आणि तळहात टायरवरून सटकन ओढला तर?"

बस. सगळा लूप यात आहे. बॅट चेंडूच्या मागून वर, त्याच्या पाठीवरून सरकत जाते. चेंडू जेमतेम २.७ ग्रॅमचा. पट्टीच्या खेळाडूच्या लूपमध्ये तो सेकंदाला शंभराहून जास्त गिरक्या घेतो. पुढच्या दिशेने अशी फिरकी घेणाऱ्या चेंडूला हवा खाली दाबते. त्यामुळे १५.२५ सेंटिमीटरच्या जाळीवरून तो बराच वरून गेला, तरी टेबलाबाहेर न जाता आत वाकतो आणि टप्पा पडल्यावर पुढे उसळी मारतो. म्हणजे फिरकी असेल तर जोर लावायची मुभा मिळते. मी आयुष्यभर नुसता जोर लावत होतो.

दुसरी गोष्ट सरांनी चेंडूवर पेनाने बाण काढून दाखवली. त्या दिवशी मी कामावर लक्षच देऊ शकलो नाही. समोरचा चॉप करतो तेव्हा चेंडू एका दिशेने गरगरत आपल्याकडे येतो. आपण त्याच्यावर लूप केला की तो फिरून समोर जातो, पण त्याची गरगर? तीच! चेंडूची प्रवासाची दिशा उलटते, फिरण्याची नाही. त्याच्या दृष्टीने जी मागची फिरकी होती, तीच परतीच्या वाटेवर पुढची होते. म्हणजे चॉपला लूप करताना समोरच्याच्या फिरकीशी भांडायचंच नसतं. ती तशीच ठेवून तिच्यात आपली भर घालायची. पंचवीस वर्षं मी स्टोअरच्या काकांच्या फिरकीशी डोकं आपटत होतो आणि ते मला फुकट फिरकी देत होते!

पण कळणं आणि वळणं यांच्यात किती अंतर असतं, ते मला त्या वर्षी दिसलं. डोक्याला सगळं समजलं होतं. यूट्यूबवर पन्नास व्हिडिओ बघून झाले होते. लूप पायातून सुरू होतो. उजवा गुडघा वाकवून वजन त्याच्यावर घ्यायचं, कंबर वळवायची, हात सैल सोडून खाली न्यायचा, मग पायाने जमीन ढकलायची, कंबर उलगडायची, आणि सगळ्यात शेवटी कोपरापुढचा हात कपाळाकडे झटकायचा. वाचायला अर्धा मिनिट लागतं. मारायला एका सेकंदाहून कमी वेळ असतो, आणि त्या वेळात शरीर जे वर्षानुवर्षं करत आलंय तेच करतं. चेंडू आला की माझे पाय खिळलेले, खांदा कानापाशी आणि हात अण्णांच्या नियमाप्रमाणे पुढे.

मी स्वतःवर ओरडायचो. मनातल्या मनात. "पाय हलव. वाक जरा. किती वेळा सांगायचं?" एक दिवस हे शब्द ओळखीचे वाटले.

आणि लक्षात आलं की सर कधीच दोन गोष्टी सांगत नाहीत. एका सकाळी एकच. "आज फक्त गुडघा." मग चेंडू जाळीत जावो की छताला लागो, गुडघा वाकला असेल तर "छान". मला सुरुवातीला ही फसवणूक वाटायची. चेंडू जाळीत गेलाय आणि छान काय? पण शरीराला एका वेळी एकच गोष्ट ऐकू येते. बाकीच्या दहा सूचनांचा फक्त गोंगाट होतो. माझ्या मुलीने चार वर्षं हा गोंगाट ऐकला होता.

पाचव्या महिन्यात एकदा जमलं. नेहमीसारखाच कापलेला चेंडू, आणि 'ठक' झालंच नाही. 'फस्स' असा काहीतरी बारीक आवाज, जणू कुणी काडेपेटीवर काडी ओढली. बॅटीला काही लागल्यासारखंही वाटलं नाही. चेंडू वर चढला, जाळीवरून वाकला आणि टप्पा पडून सरांच्या बॅटच्या वरून निघून गेला. सर काही बोलले नाहीत. पुढचा चेंडू टाकला, तो मी जाळीत मारला. आणि त्यानंतरचे दोन आठवडे एकही नाही.

त्या दोन आठवड्यांतल्या एका रात्री जेवताना मी म्हटलं, "मला जमत नाहीये." सहा महिन्यांत घरात या विषयावरचं ते माझं पहिलं वाक्य. बायकोने भाजी वाढली. मुलगी ताटात बघत होती. मग म्हणाली, "दाखव कसा मारतोस."

उठलो, उष्ट्या हातानेच मारून दाखवलं.

"खांदा वर येतोय तुझा," ती म्हणाली. "मुठीत इतकं आवळून धरू नकोस. बास, एवढंच कर."

एकच गोष्ट सांगितली. ती बरोबर होती. तिला हे सगळं येत होतं. मी ओरडत होतो तेव्हाही येत होतं. त्या रात्री मी तिला सॉरी म्हणालो. ती "ठीक आहे रे" म्हणून अभ्यासाला गेली, पण मला माहीत आहे की तेवढ्याने ते पुसलं जात नाही.

आता तुम्हाला वाटेल की ती पुन्हा खेळायला लागली आणि जिल्ह्यात पहिली आली. तसं काही झालं नाही. ती दहावीत आहे आणि स्पर्धा तिने सोडल्या त्या सोडल्याच. ते नुकसान माझ्या खात्यावर आहे. पण गेल्या पावसाळ्यापासून ती रविवारी माझ्याबरोबर हॉलवर येते. कधी कंटाळा आला तर येत नाही. मी विचारत नाही.

१९६१ सालची एक गोष्ट मला फार आवडते. बीजिंगच्या जागतिक स्पर्धेआधी चिनी संघाला कळलं की जपान्यांनी हा नवा फटका काढलाय. तेव्हा चीनच्या काही खेळाडूंनी स्वतःचा खेळ बाजूला ठेवला आणि लूप शिकले, फक्त संघातल्या इतरांना त्याच्यासमोर सराव मिळावा म्हणून. त्या वर्षी सांघिक अंतिम सामन्यात चीनने जपानला हरवलं.

मागच्या रविवारी मुलगी म्हणाली, "मला ब्लॉक करायचाय. तू लूप मार." मग ती चॉप देत होती, मी लूप मारत होतो, ती ब्लॉक करत होती. दहातले सहा माझे टेबलावर पडत होते, म्हणजे पुष्कळच. पाऊण तास आम्ही खेळलो आणि मी तिला एक शब्दही बोललो नाही.

म्हणजे, एकदा बोललो. "पाय..." एवढंच तोंडातून गेलं. तिने नुसतं बघितलं.

असो. सुधारणा चालू आहे.