इंजिनवाली गाडी आणि लेकाची ईदी

मागच्या रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी धाकट्याने बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्यासमोर उपडा केला. तीन वर्षांची ईदी आणि सुट्टीत माझ्या हाताखाली काम करून मिळालेले पैसे, सगळे मिळून 11 हजार 400 रुपये. "अब्बा, मला इंजिनवाली रिमोटची गाडी घ्यायचीय. नायट्रो."

आम्ही राहतो जुन्नरला. नारायणगावात माझे फवारणी पंप आणि गवत कापायची मशीन दुरुस्त करायचे छोटे दुकान आहे. टू-स्ट्रोक इंजिनाचा आवाज ऐकतच पोरगा नववीत आला. शिवाय वेगाचे वेड आमच्याकडे नवे नाही. जुन्नर-आंबेगावात बैलगाडा शर्यतीचा घाट भरला की गावेच्या गावे तिकडे लोटतात. बॅटरीवरची गाडी स्वस्त पडेल, हे मी त्याला सांगून पाहिले. पण त्याला धूर हवा होता, आवाज हवा होता, खोलून पाहता येईल असे इंजिन हवे होते. त्याची अम्मी म्हणाली, "पैसे त्याचे आहेत, पण नीट विचार करून घ्या."

मी 8 हजार 600 रुपये घातले. वीस हजार झाले. यापुढे एक रुपया नाही, असे ठरले. पुण्याला जाऊन आम्ही एक दशांश मापाची नवीकोरी गाडी घेतली, 17 हजार 200 रुपयांना. तिचे इंजिन 18 क्रमांकाचे, म्हणजे 0.18 घन इंचाचे. आपल्या हिशेबाने साधारण 3 सीसी. खोक्यावर 'चालवायला तयार' असे छापले होते. त्या दोन शब्दांवर मी विश्वास ठेवला, ही पहिली चूक.

खोक्यात इंधन नव्हते. या इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. त्याची बारीक तार सुरुवातीला एका छोट्या बॅटरीच्या इग्नायटरने तापवावी लागते. तोही खोक्यात नव्हता. रिमोटला आठ आणि गाडीला चार असे बारा सेल वेगळे. इंधनाचा एक लिटरचा डबा 1 हजार 500, इग्नायटर 900, सेल 300. घरी पोहोचलो तेव्हा खिशात शंभर रुपये उरले होते.

हे इंधन म्हणजे पेट्रोल नव्हे. त्यात मुख्यतः मिथेनॉल, सोबत नायट्रोमिथेन आणि तेल असते. डब्यावरचा 20 टक्के हा आकडा नायट्रोमिथेनचा. इंजिन एकदा चालू झाले की मिथेनॉलच्या वाफेमुळे प्लगची प्लॅटिनमची तार आपोआप तापलेली राहते आणि इग्नायटर काढून घेता येतो. पेट्रोलवर ही करामत होत नाही, म्हणून आमच्या फवारणी पंपाचे तेल मिसळलेले पेट्रोल इथे चालत नाही.

आता हिशेब पाहा. गाडीची टाकी 75 मिलिलिटरची. एका लिटरमध्ये तेरा टाक्या. एक टाकी आठ-दहा मिनिटे चालते. म्हणजे दीड हजाराचा डबा दोन तासांत संपतो आणि एका टाकीला 115 रुपये पडतात. हा हिशेब मी गाडी घेण्याआधी करायला हवा होता. मी तो खिसा रिकामा झाल्यावर केला.

नव्या मोटारसायकलला आपण पहिले काही शे किलोमीटर जपून चालवतो. या इंजिनाचेही तसेच. पहिल्या टाक्या भरपूर इंधन सोडून, नुसते धूर ओकत, हळूहळू चालवायच्या आणि दर टाकीनंतर इंजिन गार होऊ द्यायचे. गाडीसोबतच्या पुस्तकात अशा पाच टाक्या लिहिल्या होत्या. पाच टाक्या म्हणजे पावणेसहाशे रुपयांचा नुसता धूर! मी मनात म्हटले, पंचवीस वर्षे इंजिने खोलतोय, आवाजावरून कळते मला. दोन टाक्या झाल्यावर मी कार्ब्युरेटरची सुई आवळली. इंधन कमी झाले, गाडी सुसाट सुटली, पोरगा टाळ्या वाजवू लागला. तिसरी टाकी अर्धी असताना एक कर्कश आवाज आला आणि गाडी जागेवर थांबली. इंजिन जाम.

कारण मला लगेच कळले. या इंजिनाला तेल इंधनातूनच मिळते आणि गारवाही बराचसा इंधनामुळेच राहतो. इंधन आवळले की दोन्ही आवळले जातात. पिस्टन आणि स्लीव्हवर उभे ओरखडे पडले होते. नवा संच 2 हजार 600 रुपयांचा. खिशात शंभर.

पोरगा रडला नाही, काही बोललाही नाही. गाडी कापडात गुंडाळून त्याने दुकानातल्या वरच्या फळीवर ठेवली. रात्री त्याची अम्मी एवढेच म्हणाली, "त्याच्या ईदीचे पैसे होते. तुमच्या हातात ती अमानत होती."

दोन दिवस मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी दुकान बंद करताना त्याला म्हणालो, "चूक माझी झाली, बेटा. पाच टाक्या करायला हव्या होत्या."

"मला माहीत होतं, अब्बा. मी पुस्तक वाचलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही मिस्त्री आहात ना."

इंजिन जाम झाल्याचे मला तेवढे लागले नव्हते, जेवढे हे लागले. हाताखाली काम करताना मीच त्याला शिकवले होते की मोठे बोलत असताना मध्ये बोलू नये.

बकरी ईदच्या आधी मी माझ्या पैशांतून पिस्टनचा संच, एक जादा प्लग आणि इंधनाचा दुसरा डबा आणला. या वेळी पुस्तक त्याच्या हातात होते, पाने माझ्या हातात. तो सांगेल तेवढीच सुई मी फिरवायची. पाचही टाक्या त्याने घड्याळ लावून केल्या. इंजिन किती तापले हे पाहायला त्याने डोक्यावर पाण्याचा थेंब टाकायची युक्ती शोधली: थेंब पडताक्षणी चर्रकन उडाला तर इंजिन फार तापले, तीन-चार सेकंदांनी उडाला तर ठीक.

आमच्यासारख्या बेताच्या पैशांत कुणाच्या घरी अशी गाडी यायची असेल, तर माझे एवढेच सांगणे. हातात वीस हजार असतील तर गाडी बारा-तेरा हजारांच्या वरची पाहू नका. उरलेले इंधन, इग्नायटर, प्लग आणि मोडतोडीसाठी ठेवा. तेवढ्यात नवी बसत नसेल तर थांबा, नाहीतर जुनी पाहा. जुनी घेताना इंजिन थंड असताना प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवा. पिस्टन अगदी वर येताना अडकल्यासारखा घट्ट लागला पाहिजे; सहज फिरत असेल तर स्लीव्ह झिजली आहे. पिस्टन, क्लच आणि गिअर पुण्यात सुटे मिळतात का, हे आधी विचारा. मिळत नसतील तर कितीही स्वस्त गाडी महागच. आपल्याकडच्या धुळीत हवेचा फिल्टर दर वेळी धुऊन, वाळवून, तेल लावूनच बसवा. रिमोट आधी चालू करायचा आणि सगळ्यात शेवटी बंद. नाहीतर गाडी हाताबाहेर जाते.

इंधनाबद्दल घरातल्या बायांनी कडक राहावे. मिथेनॉल विष आहे. 2015 च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसे दारूतून गेलेल्या मिथेनॉलने मेली. थोडे पोटात गेले तरी डोळे जाऊ शकतात. त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही. आमच्या घरी डबा स्वयंपाकघरापासून लांब, कुलपात असतो. पाण्याच्या बाटलीत ते कधीही ओतायचे नाही, हा त्याच्या अम्मीचा नियम आहे.

गाडी चालवायला आम्ही घोडेगावजवळ त्याच्या मामूंच्या पडीक रानात जातो. वस्तीत आवाजाचा त्रास होतो. जायचे ते भर दुपारी. बिबट्याच्या मुलखात उसाच्या कडेला तिन्हीसांजेला पोरांना कोण थांबू देईल?

धाकट्याने एक वही केली आहे. तारीख, किती टाक्या, सुई किती फिरवली, हवा थंड की गरम. मे महिन्यातली सुई डिसेंबरात चालत नाही, हे त्याने वहीवरूनच मला दाखवले. परवा एक शेतकरी नवा पंप घेऊन दुकानात आला. मी सुईला हात घालणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "अब्बा, याचं पुस्तक बघायचं का आधी?"

शेतकरी हसला. मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि त्याला म्हणालो, "वाच."