परतवाड्याचं देणं

कॅनडाच्या शिक्षणाचा खर्च कुणी केला, असं कुणी विचारलं की मी बाबांचं नाव घेतो. अचलपूरचं घर तारण ठेवून त्यांनी कर्ज काढलं. तेव्हा विद्यार्थी व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याखाण्याचे १०,००० डॉलर आधी दाखवावे लागत. २०२४ मध्ये तोच आकडा २०,६३५ झाला. फी वेगळी, आणि परदेशी विद्यार्थ्याला ती तिथल्या मुलांच्या कितीतरी पट. "बाग उभी हाय ना, काह्याले भेतं?" एवढंच बाबा म्हणाले. संत्र्याच्या बहाराच्या भरवशावर माणूस किती धीर धरू शकतो, ते वऱ्हाडातल्यांना सांगायला नको.

ते कर्ज फिटलं. परतवाड्याच्या वेल्डिंगवाल्या चाचांचं देणं मात्र कोणत्याच पासबुकात नाही.

बारावीनंतर मी आयटीआयला वेल्डर ट्रेड घेतला. एक वर्षाचा कोर्स, आठवी पास झालेल्यालाही मिळणारा. नातेवाइकांनी नाकं मुरडली. संध्याकाळी मी परतवाड्याला चाचांच्या दुकानात जाऊ लागलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, कल्टिव्हेटरचे फण, खिडक्यांच्या जाळ्या, असं काम. चाचांनी मला भंगारातल्या पट्ट्या दिल्या आणि रॉड दिले. ज्या दुकानात रॉडचं थुटूकसुद्धा शेवटपर्यंत जाळतात, तिथे शिकाऊ पोराला वाया घालवायला रॉड देणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

"बेटा, पैले आवाज सुन," ते म्हणायचे. आर्क नीट लागला की फोडणी तडतडावी तसा एकसारखा आवाज येतो. रॉड लांब गेला की आवाज फाटतो, शिंतोडे उडतात. फार जवळ आला की रॉड चिकटतो. मग त्यांनी नजर शिकवली. काचेतून पाहिलं की पुढे वितळलेल्या लोखंडाचा चकचकीत रस दिसतो आणि त्याच्या मागून काळपट स्लॅग, म्हणजे मळी, येत असतो. स्लॅग रसाच्या पुढे गेला तर तो आतच अडकतो. वरून जोड देखणा, आतून पोकळ. चाचा माझा हात धरून रॉडचा कोन बदलायचे. स्लॅग मागे सरकायचा.

पुढे मी उत्तर ऑन्टारिओतल्या कर्कलंड लेकला, सोन्याच्या खाणींच्या गावी, नॉर्दर्न कॉलेजात वेल्डिंग शिकायला गेलो. उणे तीस अंशांच्या थंडीत वर्कशॉप गाठायचं. तिथे ७०१८ नंबरचे रॉड गरम पेटीत ठेवतात. ओल धरलेल्या रॉडमधून हायड्रोजन लोखंडात शिरतो आणि जोड थंड झाल्यावर, कधी काही तासांनी, तडकतो. चाचा पावसाळ्यात अशा रॉडचा पुडा चुलीशेजारी ठेवायचे. त्याचं कारण मला तिथे पुस्तकात सापडलं.

उभ्या जोडाच्या चाचणीत प्लेट खालून वर जोडायची, तिच्या पट्ट्या कापायच्या, त्या प्रेसखाली इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवायच्या. ३ मिलिमीटरपेक्षा मोठी चीर निघाली की नापास. माझ्या पट्ट्या वाकल्या, उघडल्या नाहीत. सरांनी विचारलं, आधी कुठे शिकलास? मी आयटीआयचं नाव सांगितलं आणि मग परतवाड्याचंही सांगितलं. त्यांनी ते गाव नकाशात शोधायला लावलं.

पहिला पगार झाल्यावर चाचांना पैसे पाठवायचं बोललो, तर त्यांनी फोनच ठेवला. म्हणून आर्क लागताच आपोआप काळं होणाऱ्या काचेचं हेल्मेट नेऊन दिलं. उमेदवारीत उघड्या डोळ्यांनी टाके मारल्याने त्यांना रात्र-रात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. हेल्मेट त्यांनी स्वतः घातलं नाही. दुकानातल्या नव्या पोराला दिलं, आणि ते डोक्यावर असल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही अशी तंबी दिली. तिथे आता आणखी दोन पोरं शिकतात. या दिवाळीला त्यांच्यासाठी दोन हेल्मेटं न्यायची आहेत, आणि चाचांसाठी एक वेगळं, त्यांच्या मापाचं, म्हणजे ते पोरांना बसणार नाही.