पांढरा रंग काढून घेणारे सर

जलरंगाच्या पेटीत पांढऱ्या रंगाची एक ट्यूब असायची. शेंदूरजनाघाटच्या शाळेत आमचे ड्रॉइंगचे सर ती पहिल्याच तासाला काढून घ्यायचे आणि वर्ष संपलं की परत द्यायचे. "कागद काय काळा आहे का बे? पांढरं त्याच्यातच आहे. तुमी फक्त त्याच्यावर रंग सांडू नका."

आज चित्रांवर माझं घर चालतं. जे थोडंफार येतं, त्याचा पाया सरांनी कोऱ्या ठेवायला लावलेल्या त्या जागेत आहे. हे देणं फिटणारं नाही. निदान मांडून तरी ठेवावं.

रविवारी सर आम्हाला बागेत न्यायचे. सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं गाव संत्र्याचं आणि संत्र्याच्या कलमांचं. बागेत झाडं 18-20 फुटांवर लावलेली. आम्ही झाड काढायला बसलो की सर मागून म्हणायचे, "झाड नको काढू. दोन झाडांच्या मधातलं मोकळं काढ. झाड आपोआप येते." आणि यायचं. मधलं आभाळ, मधली माती, तिच्यावरची सावली एवढं नीट पाहून लावलं की झाडाची कड उभी राहायची. त्या मोकळ्या पट्ट्यावरून महिना ओळखू यायचा. मे महिन्यात भर दुपारी सावली झाडाच्या बुडाशी गोळा झालेली, बाकी पट्टा म्हणजे जवळजवळ कोरा कागद. डिसेंबरात तीच सावली तिरपी होऊन शेजारच्या ओळीपर्यंत पोचायची. ती काळी नसते, निळसर जांभळी असते, हे सरांनी स्वतःच्या हाताची सावली कागदावर पाडून दाखवलं होतं.

पावसाळ्याआधी खोडांना बोर्डो पेस्ट लावतात. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. बुडापासून मीटरभर खोड फिकट निळं दिसायला लागतं. आम्ही निळा रंग घोळून खोड रंगवायचो आणि ते पत्र्याच्या नळासारखं दिसायचं. सरांनी खोड कोरं ठेवायला लावलं आणि आधी मागचा अंधार गडद करून घेतला. मग खोडाच्या सावलीकडच्या अंगाला, रंगाला जेमतेम शिवलेल्या ओल्या ब्रशची एक रेघ. उन्हाकडचं अंग तसंच. ऊन रंगवावं लागत नाही, त्याला वाट ठेवावी लागते, हे माझ्या हाताला त्या खोडावर कळलं.

ऋतू नुसता समोर नसतो, कागदातही असतो, हीसुद्धा त्यांचीच शिकवण. वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो. वॉशचा, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थराचा, ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळून कड पडलेली असते. आषाढात उलटं, वॉश संध्याकाळपर्यंत ओला, हिरवा निळ्यात उतरलेला. आम्ही कुरकुर करायचो. सर म्हणायचे, "उन्हाळ्यात कडा येतात, तं कडांचं चित्र काढा. भिंती काढा, दगडं काढा. पावसात रंग पसरते, तं आभाळ काढा. हवेसंगं भांडून काय भेटते?" जलरंगावर यापेक्षा कामाचं वाक्य मी अजून ऐकलेलं नाही.

आंबिया बहारासाठी थंडीत बागेचं पाणी तोडतात, झाडं ताणावर सोडतात. पानं मलूल होतात, वळतात, आणि एरवी दाट असणाऱ्या झाडातून उन्हाचे कवडसे मातीवर उतरतात. ताण तोडून पाणी दिलं की नवती फुटते, पाठोपाठ फुलं. सरांनी एकच ओळ, एकाच दगडावर बसून, आम्हाला ताणात, बहारात, उन्हाळ्यात आणि पावसात काढायला लावली. वर्षाअखेरीला ती चित्रं ओळीनं मांडली तेव्हा झाडांत फारसा फरक नव्हता. उजेडात होता.

सरांकडे प्रल्हाद धोंडांच्या समुद्रकिनाऱ्याच्या चित्राचं एक कात्रण होतं. धोंड (1908–2001) कोकणचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवणारे. समुद्र आम्हा पोरांपैकी कुणीच पाहिला नव्हता, तरी ती ओली वाळू आम्हाला ओली दिसली. मुंबईला आल्यावर वासुदेव गायतोंडेंची चित्रं पाहिली. 1924 साली आमच्या जवळच्या नागपुरातच जन्मलेला हा माणूस. त्यांच्या चित्रांत वस्तू नाही, झाड नाही, माणूस नाही; आतून उजळत येणारा रंग तेवढा. सोबतचे मित्र गोंधळले. मला मात्र तिथे घरच्यासारखं वाटलं, कारण दोन झाडांच्या मधलं मोकळं बघायची सवय मला गावातच लागली होती.

सरांनी स्वतः प्रदर्शन कधी भरवलं नाही. चित्रं लग्नात, वास्तूला देऊन टाकायचे. ती आजही गावातल्या बैठकीत टांगलेली आहेत. काहींतला पिवळा उन्हानं उडून गेलाय आणि झाडं निळी पडली आहेत. गेल्या थंडीपासून मी घरोघर जाऊन या चित्रांचे फोटो काढतोय. एका घरच्या काकांनी चित्र भिंतीवरून उतरवूच दिलं नाही. "फोटो घ्या जी, पण ते आमच्या सरांचं आहे." त्यांचं बरोबरच होतं. पुढच्या आंबिया बहारात ही सगळी चित्रं, मालकांच्या परवानगीनं, शाळेच्या हॉलमध्ये लावायची आहेत. तुमच्या घरात एखादं असेल तर ते उन्हाच्या भिंतीवरून तेवढं हलवा. काच फुटली असली तर मी बसवून देईन.