फ्रँक, रुपया आणि मुरुडचा हिशोब

श्रीमंत देशातील महागाईविषयी जे बोलले जाते त्यातील बराच भाग चलनाच्या गुणाकारात खर्ची पडतो, आणि प्रत्यक्ष राहणीविषयी त्यात फार थोडे सापडते. एका स्विस फ्रँकचे हिशोबाला सोपे म्हणून १०० रुपये धरले, की झुरिचमधील चाळीस-पन्नास फ्रँकांची केशकर्तनाची किंमत चार-पाच हजार रुपये होते आणि ऐकणारा थक्क होतो; परंतु ज्याचा पगारच फ्रँकमध्ये आहे त्याच्या खिशातून ते चार-पाच हजार रुपये कधीच जात नाहीत, तर ज्याने रुपयांत कर्ज काढून शिक्षणासाठी तो देश गाठला आहे त्याच्या खिशातून ते अक्षरशः जातात. एकाच दुकानात, एकाच रांगेत उभ्या असलेल्या या दोन माणसांसाठी शहराची महागाई वेगवेगळी असते, हे प्रस्तुत लेखकाला झुरिचमधील वास्तव्यात, मुरुडहून नेलेल्या हिशोबाच्या सवयी एकेक करून निरुपयोगी ठरत असताना कळत गेले.

दापोली तालुक्यातील मुरुड या गावाला युरोप अनोळखी नाही. या गावात वाढलेले आणि विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेलेले धोंडो केशव कर्वे १९२९ साली, वयाच्या सत्तरीनंतर, महिला विद्यापीठाचे काम जगापुढे मांडण्यासाठी युरोपच्या दौऱ्यावर निघाले आणि त्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या शिक्षणपरिषदेत बोलले. १८८२ साली मुरुडलाच जन्मलेले त्यांचे पुत्र रघुनाथराव त्याआधी गणिताच्या अभ्यासासाठी पॅरिसला जाऊन आले होते, आणि सून इरावती १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. सासऱ्यांचा विरोध असताना त्यांच्या त्या शिक्षणाचा खर्च जीवराज मेहता यांच्याकडून घेतलेल्या कर्जातून भागला. पै-पैचा हिशोब ठेवणाऱ्या घरातही परदेशी शिक्षणाला कर्ज लागावे, ही गोष्ट कोकणातील काटकसरीच्या मर्यादेवर पुरेसा प्रकाश टाकते.

ही काटकसर मुळात पैशाची नव्हतीच, कारण गावातल्या राहणीचा मोठा हिस्सा पैशाच्या वाटेला जातच नसे. वाडीतला नारळ, घरची आमसुले, मे महिन्यात उन्हात घातलेली आंबोशी आणि फणसाची साठे, पावसाळ्यासाठी साठवलेली सुकी मासळी, शेजारणीने आजारपणात आणून दिलेली पेज आणि अंगणात खेळणारे कोणाचे तरी मूल ज्याच्या त्याच्या घरी जेवून जाणे, यांची किंमत कोणत्याही वहीत लिहिली जात नसे. रोख रक्कम लागे ती मीठ, कापड, औषध आणि शाळेच्या फीपुरती, आणि तीही बहुधा मुंबईच्या चाकरमान्याकडून टपाल खात्याच्या मनीऑर्डरने येई. अभ्यासक ज्याला ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ म्हणतात, म्हणजे कमाई एका ठिकाणी आणि संसार दुसऱ्या ठिकाणी अशी जी रचना कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या चालवली, तिच्यात मुंबई हाच पहिला महाग परदेश होता.

स्वित्झर्लंडमध्ये याच्या नेमके उलट घडते, कारण तेथे जवळजवळ प्रत्येक गोष्ट पैशाच्या वाटेनेच जाते. झुरिचमध्ये दोन-तीन खोल्यांच्या घराला महिना दोन हजार फ्रँकांहून अधिक भाडे पडते; त्यावर जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत भाडेकरूच्या नावाने बँकेत अडकवून ठेवावी लागते, आणि घर मिळण्याआधी आपल्यावर कर्जवसुलीची कारवाई चालू नाही असा सरकारी कचेरीचा दाखला अर्जाला जोडावा लागतो. त्यानंतर येतो आरोग्यविमा. १९९६ पासून तो प्रत्येक रहिवाशावर सक्तीचा आहे, देशात आल्यापासून तीन महिन्यांत तो घ्यावाच लागतो, आणि त्याचा हप्ता उत्पन्न पाहून ठरत नसल्यामुळे मोठ्या अधिकाऱ्याला आणि दुकानातील मदतनिसाला मुळात तोच भरावा लागतो. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला सरकार त्यात काही सवलत देते, एवढेच. हप्ता भरूनही वर्षातील पहिला खर्च रुग्णानेच करायचा असतो. या स्वतः भरण्याच्या रकमेची मर्यादा प्रौढांसाठी ३०० ते २,५०० फ्रँकांच्या दरम्यान आपणच निवडायची असते, आणि ती जितकी जास्त निवडावी तितका हप्ता उतरतो. तरुण, धडधाकट माणूस २,५०० ची मर्यादा निवडतो आणि मग ताप आला तरी डॉक्टरकडे जाण्यापूर्वी दोनदा विचार करतो. दातांचा सामान्य उपचार या विम्यात बसत नाही, म्हणून तेथील मराठी कुटुंबांच्या भारतभेटीत दंतवैद्याकडे जाणे हा देवदर्शनाइतकाच ठरलेला कार्यक्रम असतो.

लहान मूल असलेल्या घरात खरी परीक्षा पाळणाघराची. अनुदान न मिळणाऱ्या कुटुंबाला झुरिचमध्ये एका मुलाच्या एका दिवसासाठी शंभर फ्रँकांच्या पुढे मोजावे लागतात, आणि दोन मुले असली तर आईचा अर्धवेळ पगार तेथेच संपतो. मग गावाकडून आजी येते. परंतु पर्यटक म्हणून तिला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते आणि व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण घ्यावे लागते, त्यामुळे आईकडची आणि वडिलांकडची अशा दोन आज्या पाळीपाळीने येत राहतात. मुरुडच्या अंगणात ज्या कामाला कोणी काम म्हणत नव्हते, त्याची तेथे किती किंमत आहे, हे या आज्यांना विमानतळावर उतरल्यानंतरच समजते आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही वाटतो.

या सगळ्यांत एक समान धागा आहे, आणि तो माणसाच्या वेळेच्या किमतीचा आहे. यंत्रावर तयार होणाऱ्या, सीमा ओलांडून येणाऱ्या वस्तू, म्हणजे फोन किंवा संगणक, स्वित्झर्लंडमध्ये भारतापेक्षा फारशा महाग नसतात. काही तर स्वस्त पडतात. महाग असते ते केस कापणे, नळ दुरुस्त करणे, जेवण वाढणे, मूल सांभाळणे, थोडक्यात जेथे माणसाचा हात लागतो ते सर्व. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ साली स्वतंत्रपणे मांडलेले स्पष्टीकरण असे, की निर्यात करणाऱ्या कारखान्यांत उत्पादकता वाढून वेतन चढले, की न्हाव्याची उत्पादकता शतकापूर्वीइतकीच असली तरी त्यालाही जवळपास त्या चढलेल्या वेतनाच्या मानाने मोबदला द्यावा लागतो, नाहीतर तो कात्री ठेवून कारखान्यात जाईल. स्वित्झर्लंडमध्ये देशव्यापी किमान वेतन नाही, २०१४ च्या जनमतात ते मोठ्या बहुमताने नाकारले गेले. परंतु जिनिव्हा प्रांताने २०२० मध्ये तासाला २३ फ्रँक हे किमान वेतन मतदानाने मंजूर केले. त्या दराने पाहिले तर चाळीस-पन्नास फ्रँकांचे केशकर्तन हे सर्वांत कमी पगाराच्या माणसाच्याही दोन तासांच्या कामाएवढे असते. हा हिशोब समजल्यावर थक्क होण्याचे कारण उरत नाही, पण केस घरीच कापण्याचे यंत्र मात्र विकत घेतले जाते.

अन्नाची महागाई निराळ्या कारणाने आहे. डोंगरउतारावरील शेतकरी टिकावा म्हणून तेथील सरकार आयात शेतमालावर जबर जकात लावते, आणि त्याचा भार मांसाच्या किमतीतून ग्राहक उचलतो. स्वस्त दुकानाची गरज या देशाला नवी नाही. गॉटलीब डुटवायलर यांनी १९२५ साली झुरिचमध्ये पाच मोटारगाड्यांतून मिग्रो हा व्यवसाय सुरू केला तेव्हा त्यांच्याकडे सहाच वस्तू होत्या: कॉफी, तांदूळ, साखर, शेवयांसारखे पिठाचे पदार्थ, साबण आणि खोबऱ्याची चरबी. (मुरुडच्या माणसाला ही शेवटची वस्तू वाचून हसू आल्याशिवाय राहत नाही.) आज मिग्रोच्या फळीवर सर्वांत स्वस्त मालाच्या खुणेने ओळखला जाणारा तांदूळ प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला ठाऊक असतो. सीमेजवळचे लोक शनिवारी जर्मनीतील कॉन्स्टान्झ किंवा लोराख गाठून किराणा आणतात. ही वाट इतकी रुळली, की करमुक्त खरेदीची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून माणशी ३०० फ्रँकांवरून १५० वर आणली गेली. मात्र पाणी विकत घ्यावे लागत नाही. झुरिचमध्ये १,२०० हून अधिक कारंजी असून त्यांतील जवळजवळ सगळ्यांचे पाणी पिण्याजोगे असते, आणि कंजूष म्हणवून न घेता फुकट मिळणारी ती बहुधा एकमेव गोष्ट असावी.

या व्यवस्थेत पगारदार माणूस सुखात राहतो आणि विद्यार्थी भरडला जातो, असे म्हणण्यास हरकत नाही. पगारदाराने महिन्याकाठी उरवलेले हजार फ्रँक गावी लाख रुपये होतात आणि त्यातून घराचे छप्पर बदलते. विद्यार्थ्याच्या घरची वाडी एका वर्षात जेवढे देते तेवढे तेथे दोन-तीन महिन्यांच्या भाड्यात जाऊ शकते. तरीही गावात चर्चा होते ती पहिल्याच्या छपराची.

मुरुडही आता त्या जुन्या, बिनपैशाच्या हिशोबात राहिलेले नाही. पुण्या-मुंबईच्या पर्यटकांमुळे डिसेंबरात आणि मे महिन्यात गावात जणू दोन दरपत्रके लागू होतात, आणि हर्णैच्या लिलावातील चांगली मासळी स्थानिकाच्या ताटाऐवजी निवासगृहांकडे वळते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्यानंतर त्या उभ्या करायला माणसे मिळेनात, कारण तरुण मुले मुंबईत होती आणि उरलेल्यांची मजुरी चढली होती. झाडावर चढणाऱ्याची वाट पाहण्यात नारळ आपोआप गळून पडतात, ही तक्रार आता घरोघरी आहे. झुरिचमधील बांधकामावर जसे पोर्तुगीज आणि इटालियन कामगार दिसतात, तसे रत्नागिरी जिल्ह्यातील आंब्याच्या बागांच्या राखणीला आणि मच्छीमार नौकांवर आज नेपाळी माणसे असतात. त्यांच्या दृष्टीने महाग आणि कमाईचा देश हाच आहे, आणि गुणाकार त्यांनाही करावा लागतो. फक्त त्यांचा दर १९९३ पासून बदललेला नाही, एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये.