भूल, भोवळ आणि एक भलतंच लेबल

दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आलेल्या माणसाला ऑफिसात एक वेगळीच इज्जत मिळते. रूट कॅनाल म्हणजे तर शौर्यपदकच! लंच अवरला गाल सुजलेला हीरो सगळी स्टोरी रंगवून सांगतो. किती सिटिंग्ज झाल्या, बिल किती आलं, ड्रिलचा आवाज थेट मेंदूत कसा घुसतो... पण 'मला भुलीचं इंजेक्शन दिलं आणि मी आडवी झाले' असं कुणी सांगितलेलं आठवतंय? नाही ना? इंजेक्शननं दाढ बधीर व्हावी अशी अपेक्षा असते, अख्खा माणूस नाही.

तर मग मीच सांगते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या खालच्या अक्कलदाढेनं उच्छाद मांडला. फ्रीलान्सरला सिक लीव्ह नावाची चैन नसते, त्यामुळे दोन डेडलाइन्सच्या मधला एक शनिवार गाठून मी दादरच्या एका क्लिनिकमध्ये पोचले. सोबत आई. सकाळी बशीभर पोहे आणि चहा झाला होता, हे आधीच नमूद करते, कारण पुढे प्रत्येकानं मला पहिला प्रश्न हाच विचारला. डॉक्टर मॅडम एकदम गोड. 'मुंगी चावल्यासारखं वाटेल,' म्हणाल्या आणि खरंच तेवढंच वाटलं. मग खुर्ची सरळ करून, 'ओठ जड होईपर्यंत बसा हं,' म्हणत त्या पलीकडच्या पेशंटकडे गेल्या.

मिनिटभरात छातीत ढोल वाजायला लागला. बोटं थरथरायला लागली. ते जरा ओसरतंय असं वाटतं न वाटतं तोच जांभया सुरू झाल्या. एकामागून एक. पोटात ढवळलं, मानेवर गार घाम आला, कानात शिट्टी वाजायला लागली आणि समोरची ट्यूबलाइट कुणीतरी लांब लांब नेतंय असं दिसलं. नंतरचं थेट आठवतं ते हे, की माझे पाय वर आहेत, डोकं खाली आहे, आई एक्स-रेच्या पाकिटानं वारा घालतेय आणि रिसेप्शनवरची मुलगी कुणाला तरी सांगतेय, 'फिट आली हो त्यांना. हात उडत होते.'

पाच मिनिटांत मी ठणठणीत होते. पण तो शब्द क्लिनिकमधून निघून आमच्या आधी घरी पोचला होता.

रात्री मावशीचा फोन. 'चप्पल हुंगवली का? निदान कांदा?' आणि मग आवाज खाली आणून, 'हे बघ, आता हे कुठे बोलू नका. पोरीचं स्थळ बघतोय आपण.' क्लिनिकच्या कागदावर तोवर आणखी एक शब्द आला होता. 'ॲलर्जी' आणि पुढे प्रश्नचिन्ह. पण प्रश्नचिन्ह लक्षात कोण ठेवतो? दुसऱ्या डेंटिस्टनं कागद बघून हात वर केले. ॲलर्जी असेल तर दाढ हॉस्पिटलमध्ये, पूर्ण भूल देऊन काढू म्हणाले. त्या खर्चाचा अंदाज ऐकून मात्र खरंच चक्कर यायची वेळ आली. म्हणजे बघा, एका इंजेक्शनमुळे मला एका दिवसात दोन आजार चिकटले आणि दाढ होती तिथेच, ठणकत.

आमचे फॅमिली डॉक्टर मला परकरपोलक्यात असल्यापासून ओळखतात. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. 'आधी कळलं होतं का गं, काहीतरी होतंय म्हणून? जीभ चावलीस? अंगावर पित्तासारखे चट्टे उठले? ओठ-डोळे सुजले? श्वास घ्यायला त्रास? जाग आल्यावर आपण कुठे आहोत ते लगेच कळलं?' मग आईकडे वळून, 'हिचा चेहरा कसा दिसत होता? हात किती वेळ उडत होते?' आई म्हणाली, 'पांढराफटक. आणि हात... असतील चार-पाच सेकंद.' डॉक्टर हसले. 'ही साधी भोवळ आहे. पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर पोरं धपाधप पडतात ना, त्यांची चुलत बहीण!'

मग त्यांनी जे समजावलं आणि नंतर मी पत्रकाराच्या खाजेनं जे वाचून काढलं, त्याचा सगळा फंडा असा.

मला जे झालं त्यात दोन वेगवेगळे आरोपी होते. पहिला, ॲड्रिनलिन. दात बधीर करणारं मुख्य औषध म्हणजे लिग्नोकेन. ते स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालं आणि १९४८ मध्ये बाजारात आलं. त्याआधी १८८४ पासून डॉक्टर चक्क कोकेन वापरत होते, त्यामुळे आपण बऱ्या काळात जन्मलो म्हणायचं. लिग्नोकेन नसेच्या पेशीत शिरणारं सोडियम अडवतं, त्यामुळे वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत जातच नाही. पण हिरडीत रक्तपुरवठा भरपूर. औषध लगेच वाहून जाऊ नये म्हणून त्यात चिमूटभर ॲड्रिनलिन मिसळतात. आपल्याकडे बरेचदा ८०,००० भागांत १ भाग. त्यानं तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, बधिरपणा टिकतो आणि रक्तही कमी जातं. आता हे तेच ॲड्रिनलिन, जे आपलं शरीर बॉसचा 'जरा केबिनमध्ये ये' असा मेसेज आल्यावर तयार करतं! त्यातलं थोडं रक्तात उतरलं की धडधड, थरथर आणि उगाचच भीती वाटणं. काही मिनिटांत ते ओसरतं. इंजेक्शन थेट रक्तवाहिनीत जाऊ नये म्हणून डॉक्टर आधी दट्ट्या थोडा मागे ओढून रक्त येतंय का ते बघतात आणि मग औषध सावकाश सोडतात.

दुसरा आरोपी, आपलीच व्हेगस नर्व्ह. सुई, रक्त, वेदना किंवा नुसता विचार, यातल्या कशानंही काही जणांच्या शरीराचा गिअर उलटा पडतो. आधी ठोके वाढतात, मग अचानक मंदावतात. पायातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खाली साचतं, बीपी घसरतं आणि मेंदूला रक्त कमी पडतं. मेंदू मग घराचा फ्यूज उडावा तसा काही सेकंद बंद. माणूस आडवा झाला की रक्त परत वर येतं आणि लाइट लागते. हात-पाय थोडे उडणं हेही या भोवळीत होऊ शकतं, विशेषतः माणसाला बसवून किंवा उभं धरून ठेवलं तर. मी बसलेलीच होते.

गंमत अशी, की उंच जागा, कुत्री, झुरळं यांना घाबरणारा माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही, कारण भीतीनं बीपी वाढतं. सुई आणि रक्त यांच्या बाबतीत मात्र ते वाढून धाडकन खाली येतं. त्यात इच्छाशक्ती, अशक्तपणा, हिमोग्लोबिन यांचा संबंध असेलच असं नाही. जिममध्ये शंभर किलो उचलणारा पठ्ठ्याही रक्तदान शिबिरात कोसळतो.

आणि ॲलर्जी? लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फार दुर्मीळ. तिची लक्षणंही वेगळी: खाज, गांध्या, ओठ-चेहऱ्यावर सूज, घशात घरघर, श्वास अडकणं. तसं झालं तर ती इमर्जन्सी, तिथे हॉस्पिटल गाठायलाच हवं. त्यातली मजा म्हणजे गंभीर ॲलर्जीवरचं पहिलं औषध ॲड्रिनलिनच असतं. म्हणून शंका असेल तर तपासणी करून घ्यायची. नुसतं प्रश्नचिन्ह आयुष्यभर मिरवायचं नाही.

फिटचंही तसंच. ती साधारण मिनिट-दोन मिनिटं चालते, जीभ चावली जाऊ शकते आणि नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला असतो. हे ऐकून आईनं सुटकेचा श्वास सोडला. मला मात्र तो सुस्कारा खटकला. समजा असती एपिलेप्सी, तर? आपल्या हिंदू विवाह कायद्यातही लग्नाच्या अटींमध्ये वेडाच्या झटक्यांच्या जोडीला एपिलेप्सीचा उल्लेख होता. तो १९९९ मध्ये काढून टाकला. कायदा सुधारून इतकी वर्षं झाली, तरी मावशीचा आवाज अजून खालीच येतो.

दाढ शेवटी पंधरा दिवसांनी निघाली, तिसऱ्या डेंटिस्टकडे. फॉर्मवर 'काही त्रास?' या रकान्यात मी ठळक लिहिलं, 'इंजेक्शननंतर भोवळ येते. ॲलर्जी नाही.' सोबत फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी. या डॉक्टरांनी ते वाचून नुसतं 'बरं झालं सांगितलंत,' म्हटलं आणि खुर्ची आधीच आडवी केली. मी माझं होमवर्क करून गेले होते. लार्स-गोरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात अशा भोवळवाल्यांसाठी एक सोपी युक्ती मांडली. मांड्या, पोट, दंड यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद सैल सोडायचे. असं पाच वेळा. श्वास रोखायचा नाही आणि जबडा मात्र डॉक्टरांच्या ताब्यात. घसरणारं बीपी त्यानं सावरतं. धडधड याही वेळी झाली, पण ती कसली हे माहीत असल्यामुळे मी तिला येऊ दिलं आणि जाऊ दिलं. जांभई आली नाही.

घरी येताना टॅक्सीत आई गप्प होती. शिवाजी पार्क ओलांडल्यावर म्हणाली, 'मीही पडले होते. लग्नाआधी, रक्त काढताना. आजीनं सांगितलं होतं, कुणाला बोलू नकोस म्हणून.' तीस वर्षं! बाबांनासुद्धा माहीत नाही. ही भोवळ घराण्यातून उतरते, हे मी वाचलं होतं. गप्प बसणंही तसंच उतरतं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मला काहीतरी बोलायचं होतं, पण अर्धं तोंड बधीर होतं. मी तिचा हात धरला.

तर मंडळी, तुमचीही कुणी गुपचूप भोवळ असेल तर पुढच्या वेळी सुई दिसायच्या आधी डॉक्टरांना सांगा. हार्टचा, बीपीचा, शुगरचा त्रास किंवा चालू गोळ्या असतील तर त्याही. नुसत्या दाताच्या भुलीसाठी सहसा उपाशी जायची गरज नसते, त्यामुळे संकष्टी असेल तर अपॉइंटमेंट दुसऱ्या दिवशी घ्या. शेजारी कुणी पडलंच तर आडवं करा, पाय वर घ्या आणि बधीर तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागेल. मिनिटा-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, छातीत दुखलं किंवा सुई-रक्त असं काही नसताना भोवळ आली, तर मात्र डॉक्टर हवेतच.

आणि चप्पल? ती पायातच बरी असते.