छताखालचा माणूस

नवे घर दाखविताना यजमान फरशी दाखवितो, भिंतींचा रंग दाखवितो. छताकडे सहसा बोट करीत नाही. छत न्याहाळतो तो अंथरुणाला खिळलेला माणूस. आजाऱ्यांच्या भेटीस आम्ही घरोघरी जातो, तेव्हा हे वारंवार जाणवते. ओलीचे डाग, सुटलेले पापुद्रे आणि मधोमध पंखा, एवढेच त्याच्या डोळ्यांपुढे दिवसभर असते.

म्हणून काही कुटुंबे त्या खोलीच्या छताला टाइल चिकटवून घेतात. हेतू मायेचाच असतो. परंतु अशी टाइल छताला आधार देत नाही; तीच छताच्या आधाराने राहते.

आमच्या निवासातील एका वृद्ध धर्मगुरूंची खोली अशीच सजवावयाची ठरली. गवंड्याने प्रथम हातोडीच्या दांड्याने छत ठोकून पाहिले. एका कोपऱ्यात बद्द आवाज आला. गिलावा काढताच गंजलेल्या सळया दिसल्या. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. तेथे टाइल बसली असती, तर डाग झाकला गेला असता. फुगलेला गिलावा मात्र खाटेवर तसाच लोंबत राहिला असता. आम्ही गच्चीवरील भेग बुजविली, सळया घासून दुरुस्ती करून घेतली आणि छत पुरते सुकेपर्यंत थांबलो.

मग जुने डिस्टेंपर खरवडले. ते ठेवले तर गोंद भुकटीला चिकटतो आणि टाइल भुकटीसकट खाली येते. खोलीची रुंदी १० फूट ४ इंच, टाइल एक फुटाची. भिंतीपासून आरंभ केला असता, तर १० टाइलनंतर ४ इंचांची चिंधी उरली असती. मध्यावर दोरीने रेघ मारून तिच्यावर पहिली टाइल बसविली. ९ पूर्ण टाइल लागल्या आणि दोन्ही कडांना ८ इंचांचे सारखे तुकडे आले.

थर्माकोलच्या टाइल स्वस्त आणि हलक्या असतात. परंतु सुमारे १०० अंश सेल्सिअसला थर्माकोल मऊ पडतो आणि पेटला की जळते थेंब खाली गळतात. आपल्या घरांत वेदीपुढे मेणबत्ती तेवत असते, उशाशी डासांची अगरबत्ती असते, आणि खाटेवरच्या माणसाला उठून पळता येत नाही. म्हणून आम्ही खनिज तंतूंच्या टाइल घेतल्या. त्या जड, तेव्हा छताची मजबुती अधिकच महत्त्वाची ठरली.

वाचकहो, टाइलचे नक्षीकाम निवडण्यापूर्वी त्या खाटेवर घटकाभर स्वतः पडून पाहावे. मग खाट बाजूला सारावी आणि छत ठोकून घ्यावे. जो खालून हलू शकत नाही, त्याच्या वतीने वर पाहणे हे घरच्यांचेच काम आहे.